आयव्हीएफनंतर बीटा वाढतोय, पण पिशवीत काहीच दिसत नाही. एक्टोपिकची शंका आली तर काय करायचं?

"बीटा एकशे बारा आलाय. चांगलाय ना गं?"

मैत्रिणीचा हा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. लग्नाला सहा वर्षं, दोन आययूआय फेल, मग आयव्हीएफ. ट्रान्सफरनंतरचा बारावा दिवस. मी पटकन गुगल केलं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे एवढं पाहिलं आणि तिला दहा हार्ट पाठवले.

दोन दिवसांनी बीटा आला १४८. आणखी दोन दिवसांनी २०१. वाढतोय म्हणून आम्ही खूश होतो, पण तिच्या डॉक्टर मॅडम काही खूश दिसत नव्हत्या. पहिल्या रिपोर्टनंतर सोळाव्या दिवशी बीटा ११८० होता. त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत गर्भाशयाची पिशवी रिकामी दिसली आणि डाव्या बाजूला दोन सेंटिमीटरची एक गाठ. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "नळीत राहिलाय म्हणे. आता इंजेक्शन घ्यायचं की ऑपरेशन करायचं, ते उद्या सांगायचंय. मला काहीच कळत नाहीये."

मलाही काही कळत नव्हतं. तिच्या परवानगीने, तिचं नाव न देता, तेव्हा आम्हाला जे माहिती असायला हवं होतं ते या लेखात सांगतेय. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या मैत्रिणीवर, बहिणीवर, बायकोवर आली आहे त्यांच्यासाठीही.

सगळ्यात आधी हे वाचा

प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आहे आणि पुढचं काही होतंय, तर लेख बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल गाठा:

- पोटात, विशेषतः एका बाजूला, जोरात किंवा वाढत जाणारं दुखणं
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम फुटून अंग गार पडणं
- खांद्याच्या टोकाला दुखणं (पोटात रक्त साचलं की पडद्याच्या नसेमुळे खांदा दुखतो, बऱ्याच जणींना हे अॅसिडिटीचं किंवा झोपताना अवघडल्याचं वाटतं)
- अंगावरून जास्त जाणं, किंवा शौचाच्या जागी दाब आल्यासारखं वाटणं

नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि तो बाहेर दिसेलच असं नाही. स्वतः गाडी चालवू नका. महाराष्ट्रात १०८ वर फोन करून अॅम्ब्युलन्स बोलवता येते. आयव्हीएफ सेंटर बंद असेल तर ते उघडायची वाट बघू नका, सोनोग्राफी आणि ऑपरेशन थिएटर असलेल्या जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा. आत गेल्या गेल्या सांगा, "प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आहे, एक्टोपिकची शंका आहे." या एका वाक्याने पुढचा बराच वेळ वाचतो.

एक्टोपिक म्हणजे नक्की काय?

गर्भ गर्भाशयाच्या आत न रुजता दुसरीकडे रुजतो, त्याला एक्टोपिक प्रेग्नन्सी म्हणतात. अशा दहापैकी नऊपेक्षा जास्त केसेसमध्ये तो गर्भनलिकेत, म्हणजे ट्यूबमध्ये असतो. क्वचित तो अंडाशयावर, गर्भाशयाच्या तोंडाशी किंवा जुन्या सिझेरियनच्या व्रणात रुजतो.

गर्भाशय ताणलं जातं, बाळासोबत वाढतं. ट्यूब अगदी नाजूक असते, ती तशी वाढू शकत नाही. गर्भ वाढत गेला की ती फुटू शकते.

"तिथून काढून पिशवीत ठेवता येणार नाही का?" हा प्रश्न माझ्या मैत्रिणीने विचारला होता, जवळपास प्रत्येक जोडपं विचारतं. उत्तर आहे, नाही. आजच्या वैद्यकशास्त्रात ते शक्य नाही. ट्यूबमधली प्रेग्नन्सी पुढे नेता येत नाही, त्यामुळे उपचार करायचे की बाळ वाचवायचं असा पर्याय इथे नसतोच. प्रश्न उरतो तो आईचा जीव आणि तिची पुढची संधी कशी सांभाळायची एवढाच.

पण गर्भ तर पिशवीतच सोडला होता. मग नळीत गेला कसा?

आयव्हीएफ केलेल्यांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच. डॉक्टरांनी नळी टाळून गर्भ थेट गर्भाशयात सोडलेला असतो. मग हे कसं?

ट्रान्सफर केलेला गर्भ लगेच चिकटत नाही. रुजण्याआधी तो एक ते तीन दिवस मोकळा असतो. गर्भाशयाचे स्नायू हलकेच आकुंचन पावत असतात. त्यात तो ट्यूबच्या तोंडाकडे सरकू शकतो. निरोगी ट्यूबमधली बारीक केसांसारखी रचना त्याला परत गर्भाशयाकडे ढकलते. ट्यूब आधीच खराब असेल तर तो तिथेच अडकतो.

आणि आयव्हीएफ करणाऱ्या अनेकींची ट्यूब खराब असते, म्हणूनच तर त्या आयव्हीएफपर्यंत आलेल्या असतात. जुनं इन्फेक्शन, एंडोमेट्रिओसिस, आधीचं पोटाचं ऑपरेशन ही त्याची कारणं. आपल्याकडे आणखी एक मोठं कारण आहे, जननमार्गाचा टीबी. तो वर्षानुवर्षं काहीही लक्षण न देता ट्यूब खराब करतो.

आयव्हीएफचा इतिहाससुद्धा याच घटनेपासून सुरू होतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांना आयव्हीएफमधून मिळालेली आणि १९७६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदवलेली प्रेग्नन्सी ट्यूबमध्येच राहिली होती. त्यानंतर दोन वर्षांनी, २५ जुलै १९७८ ला, लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तिच्या आईच्याही ट्यूब बंद होत्या. मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमला हे यश १९८६ मध्ये मिळालं.

नैसर्गिक गरोदरपणात एक्टोपिकचं प्रमाण साधारण शंभरात एक ते दोन असतं. आयव्हीएफनंतर ते थोडं जास्त सापडतं. ट्यूब खराब असेल किंवा एकापेक्षा जास्त गर्भ सोडले असतील तर धोका वाढतो. मात्र एक्टोपिक झालेल्या जवळपास निम्म्या बायकांमध्ये आधीपासूनचं असं कोणतंही कारण सापडत नाही.

म्हणून स्पष्ट सांगते: ट्रान्सफरनंतर तुम्ही जिना चढलात, रिक्षातून आलात, पपई खाल्ली किंवा ऑफिसला गेलात म्हणून हे झालेलं नाही.

'शंका आहे' म्हणजे काय? हो की नाही ते का सांगत नाहीत?

यात सगळ्यात जास्त जीव जातो तो वाट बघण्यात. दर दोन दिवसांनी रक्त द्यायचं, संध्याकाळपर्यंत मोबाईल बघत बसायचं आणि डॉक्टर म्हणणार, "अजून नक्की सांगता येत नाही." यात टाळाटाळ नसते. तपासणीच्या मर्यादा असतात.

डॉक्टर दोन गोष्टी एकत्र करून बघतात.

पहिली, बीटा एचसीजी. एकच आकडा फारसं काही सांगत नाही. ४८ तासांत तो किती वाढला हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एसीओजी या संघटनेनुसार, सुरुवातीचा बीटा १५०० पेक्षा कमी असेल तर निरोगी गर्भात तो ४८ तासांत किमान ४९ टक्के तरी वाढणं अपेक्षित असतं. १५०० ते ३००० मध्ये ४० टक्के आणि ३००० च्या वर ३३ टक्के. "बीटा दुप्पट व्हायलाच हवा" हा व्हॉट्सअॅपवरचा नियम त्यामुळे पूर्ण खरा नाही.

माझ्या मैत्रिणीचा बीटा ११२ वरून १४८ झाला, म्हणजे वाढ ३२ टक्के. तो वाढत होता, पण पुरेसा वाढत नव्हता. तेव्हा मी हार्ट पाठवत होते.

दुसरी, योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. बीटा ठरावीक पातळीच्या वर गेल्यावर गर्भाशयात गर्भाची पिशवी दिसायला हवी. ही पातळी १५०० ते ३५०० च्या दरम्यान धरली जाते. चांगला गर्भ चुकून हातचा जाऊ नये म्हणून एसीओजी ३५०० इतकी वरची मर्यादा सुचवते. बीटा ३०० असताना सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही तर त्यावरून कुठलाच निष्कर्ष काढता येत नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह, पण सोनोग्राफीत गर्भ ना आत ना बाहेर, अशा अवस्थेला 'प्रेग्नन्सी ऑफ अननोन लोकेशन' म्हणतात. रिपोर्टवर 'पीयूएल' लिहिलेलं असतं ते हेच. याचे तीन अर्थ निघू शकतात: गर्भ आतच आहे पण फार लवकर बघितलंय, गर्भपात होतोय, किंवा एक्टोपिक आहे. हे ठरायला कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे लागतात.

फर्टिलिटी ट्रीटमेंटमुळे चित्र आणखी गोंधळाचं होतं:

- अंडी फुटण्यासाठी दिलेल्या एचसीजी इंजेक्शनचा अंश दहा ते चौदा दिवस रक्तात राहू शकतो. म्हणून फार लवकर केलेली टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.
- प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतात, त्यामुळे रक्तस्राव लांबू शकतो. "अंगावरून जात नाही म्हणजे सगळं ठीक" असं समजू नका.
- इंजेक्शनांमुळे अंडाशय फुगलेले असतात, पोटात थोडं पाणी असतं, पोट तसंही दुखत असतं. खरं दुखणं कोणतं हे ओळखणं कठीण जातं.

घाई नको आणि उशीरही नको

इथे डॉक्टरांना दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. उशीर झाला तर ट्यूब फुटू शकते. पण खात्री नसताना घाईने मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं आणि गर्भ प्रत्यक्षात गर्भाशयात असेल, तर सहा वर्षं वाट बघून मिळालेला चांगला गर्भ त्या इंजेक्शनने जाईल. म्हणून तब्येत स्थिर असेल, दुखत नसेल, तर अजून एक बीटा आणि अजून एक सोनोग्राफी करण्यात शहाणपण आहे. प्रत्येक बीटा शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या लॅबचे आकडे थोडे वेगळे येतात आणि उगाच घाबरायला होतं.

या काळात प्रोजेस्टेरॉन किंवा कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि रात्री-अपरात्री पटकन पोहोचता येणार नाही अशा लांबच्या प्रवासाला निघू नका.

उपचाराच्या तीन वाटा

एक्टोपिक आहे हे जवळपास नक्की झालं की पुढचा निर्णय चार गोष्टींवर ठरतो: बीटा किती, गाठ किती मोठी, गर्भाचे ठोके दिसतात का, आणि तुम्हाला दुखतंय का.

*पहिली वाट: थांबून बघणं*

बीटा कमी आहे, आपोआप उतरतोय, दुखत नाही, गाठ लहान आहे, तर काही न करता नुसतं लक्ष ठेवता येतं. शरीर स्वतःच तो गर्भ विरघळवतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बीटा १००० किंवा त्याहून कमी असलेल्या, स्थिर तब्येतीच्या रुग्णांना हा पर्याय देता येतो. बीटा अगदी खाली येईपर्यंत रक्ततपासणी चालूच ठेवावी लागते, कारण आकडा उतरत असतानाही क्वचित ट्यूब फुटू शकते.

*दुसरी वाट: मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन*

हे औषध वेगाने वाढणाऱ्या पेशींची वाढ थांबवतं. संधिवात आणि काही कॅन्सरमध्येही ते वापरतात, त्यामुळे मेडिकलवाल्याकडे नाव ऐकून घाबरू नका. एक्टोपिकसाठी ते पहिल्यांदा १९८२ मध्ये जपानमध्ये वापरलं गेलं.

नाइसच्या सूचनांनुसार हे कुणाला चालतं? फारसं दुखत नसेल, ट्यूब फुटलेली नसेल, गाठ ३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, ठोके दिसत नसतील, गर्भाशयात गर्भ नसल्याची खात्री असेल आणि पुन्हा पुन्हा तपासणीला येणं शक्य असेल तर. बीटा १५०० पेक्षा कमी असेल तर हा पर्याय आधी सुचवला जातो. १५०० ते ५००० च्या मध्ये असेल तर इंजेक्शन की ऑपरेशन, हे रुग्णाने डॉक्टरांशी बोलून निवडायचं असतं. देण्याआधी रक्त, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या होतात.

इंजेक्शन दिल्याचा दिवस पहिला धरून चौथ्या आणि सातव्या दिवशी बीटा करतात. चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसू शकतो. मैत्रिणीचा ११८० चा १३४० झाला तेव्हा ती रडायलाच लागली. पण बघायचं असतं ते चौथ्या ते सातव्या दिवसातली घट. ती किमान १५ टक्के हवी. सातव्या दिवशी तिचा बीटा १०५० आला, म्हणजे साधारण २२ टक्के घट. औषध लागू पडलं होतं. घट कमी असती तर दुसरा डोस किंवा ऑपरेशन यावर बोलणं झालं असतं. पुढे बीटा शून्याजवळ येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी. त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी आठही.

काही गोष्टी लक्षात ठेवा:

- फॉलिक अॅसिडची गोळी बंद करायची. आयव्हीएफच्या काळात ती रोज चालू असते आणि ती या औषधाच्या विरुद्ध काम करते. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही फॉलिक अॅसिड लिहिलंय का बघा.
- आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत. कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारा.
- दारू, कडक ऊन, जड व्यायाम आणि शरीरसंबंध डॉक्टर सांगेपर्यंत टाळायचे.
- पहिल्या आठवड्यात थोडं पोट दुखणं अपेक्षित आहे. जोरात दुखलं, चक्कर आली, तर लगेच हॉस्पिटल.
- पुढच्या प्रेग्नन्सीसाठी सहसा तीन महिने थांबायला सांगतात.

*तिसरी वाट: ऑपरेशन*

ट्यूब फुटली असेल किंवा तब्येत खालावत असेल तर निवडीचा प्रश्नच येत नाही, ऑपरेशन लगेच करावं लागतं. खूप दुखत असेल, गाठ ३५ मिलिमीटर किंवा मोठी असेल, ठोके दिसत असतील किंवा बीटा ५००० च्या वर असेल, तर नाइसच्या सूचना ऑपरेशनलाच पहिली पसंती देतात. बहुतेक वेळा ते दुर्बिणीतून होतं. त्यात दोन प्रकार: पूर्ण ट्यूब काढणं, किंवा ट्यूबला छेद देऊन फक्त गर्भ काढणं आणि ट्यूब ठेवणं.

"ट्यूब वाचवा हो डॉक्टर" असं आपण साहजिकच म्हणतो. पण त्याने खरंच फायदा होतो का, हे बघायला नेदरलँड्स, स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिकेत ४४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. दुसरी ट्यूब निरोगी असलेल्या या स्त्रियांपैकी, ट्यूब वाचवलेल्यांत तीन वर्षांत नैसर्गिक गर्भधारणेचं प्रमाण ६०.७ टक्के होतं आणि ट्यूब काढलेल्यांत ५६.२ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नव्हता. उलट ट्यूब वाचवलेल्यांपैकी ७ टक्के जणींमध्ये गर्भाच्या पेशी मागे राहिल्या. ट्यूब काढलेल्यांत हे प्रमाण एक टक्क्यापेक्षा कमी होतं. हा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला.

आयव्हीएफ करणाऱ्यांचा हिशोब थोडा वेगळा असतो

नैसर्गिक गर्भधारणेसाठी ट्यूब लागते. आयव्हीएफसाठी लागत नाही. अंडी थेट अंडाशयातून काढतात आणि गर्भ थेट गर्भाशयात सोडतात. त्यामुळे एक ट्यूब गेली, अगदी दोन्ही गेल्या, तरी आयव्हीएफचा रस्ता बंद होत नाही. ट्यूबमध्ये पाणी भरलेलं असेल, ज्याला हायड्रोसालपिंक्स म्हणतात, तर अशी ट्यूब आयव्हीएफच्या आधीच काढल्याने यशाची शक्यता वाढते.

म्हणून निवड करताना स्वतःला विचारा: पुढे पुन्हा आयव्हीएफच करणार आहोत का? फ्रीज केलेले गर्भ शिल्लक आहेत का? त्या ट्यूबबद्दल आधीच्या एचएसजी किंवा लॅप्रोस्कोपीत काय लिहिलंय? तीन महिने थांबायला वय आणि मन तयार आहे का? भूल आणि ऑपरेशनची जास्त भीती वाटते की महिनाभर दर आठवड्याला रक्त देण्याची?

मेथोट्रेक्सेटच्या डोसमुळे अंड्यांचा साठा किंवा पुढची गर्भधारणेची क्षमता कमी होत असल्याचं आढळलेलं नाही. माझ्या मैत्रिणीने इंजेक्शन निवडलं. तिच्याच सेंटरमध्ये भेटलेल्या दुसऱ्या एका बाईने त्याच आठवड्यात ट्यूब काढून घेतली, कारण ती ट्यूब आधीपासूनच खराब होती आणि तिला "पुन्हा हीच भीती नको" होती. दोघींनी आपापल्या परिस्थितीत बरोबर निर्णय घेतला.

एक दुर्मिळ गोष्टही माहीत असू द्या. आयव्हीएफमध्ये दोन गर्भ सोडले असतील तर एक गर्भाशयात आणि एक ट्यूबमध्ये, असंही होऊ शकतं. नैसर्गिकरीत्या हे तीस हजारांत एखाद्या वेळी घडतं, आयव्हीएफनंतर त्यापेक्षा बरंच जास्त. म्हणून पिशवीत गर्भ दिसल्यावरही एका बाजूला जोरात दुखत असेल तर दुर्लक्ष करू नका. इथे मेथोट्रेक्सेट देत नाहीत, कारण आतल्या गर्भालाही इजा होते. बहुतेकदा ऑपरेशन करतात आणि आतला गर्भ पुढे वाढू शकतो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

त्या केबिनमध्ये डोकं बधिर झालेलं असतं, म्हणून मोबाईलमध्ये लिहूनच न्या:

१. गर्भ गर्भाशयात नाही याची खात्री किती आहे? अजून ४८ तास थांबणं सुरक्षित आहे का?
२. माझ्या केसमध्ये तिन्हीपैकी कोणते पर्याय खरंच खुले आहेत?
३. ऑपरेशन केलं तर दुसरी ट्यूब कशी आहे ते बघून सांगाल का?
४. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे, अँटी-डी इंजेक्शन लागेल का?
५. प्रोजेस्टेरॉन आणि फॉलिक अॅसिड कधी बंद, कधी परत सुरू?
६. रात्री त्रास झाला तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा?

भारतात २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार उपचारांचे फायदे, तोटे, खर्च आणि धोके जोडप्याला समजावून सांगणं आणि समुपदेशन देणं ही क्लिनिकची जबाबदारी आहे. त्यामुळे प्रश्न विचारताना संकोच नको.

पैशाचं एक महत्त्वाचं: मेडिक्लेममध्ये "मॅटर्निटी कव्हर नाही" म्हणून गप्प बसू नका. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या मॅटर्निटीच्या वगळणीतच "एक्टोपिक प्रेग्नन्सी सोडून" असं लिहिलेलं आहे. पॉलिसीतलं ते कलम काढून वाचा आणि अॅडमिट होतानाच टीपीए डेस्कला दाखवा. नोकरी करत असाल तर एचआरशी रजेबद्दल बोला. मातृत्व लाभाच्या कायद्यात गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे.

आणि मनाचं काय?

रिपोर्टवर 'गर्भपात' लिहिलेलं नसतं, घरात पेढे वाटलेले नसतात, त्यामुळे दुःख करायलाही जागा मिळत नाही. त्यात लोक म्हणतात, "जीव वाचला ना, देवाची कृपा समज." ते खरं असतं, पण त्यामागे खूप काही गेलेलं असतं. इंजेक्शनांचे महिने, साठवलेले पैसे, आणि ट्रान्सफरच्या दिवशी स्क्रीनवर दिसलेला तो पांढरा ठिपका.

लंडनमधल्या हॉस्पिटलांमध्ये साडेसहाशेहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास झाला, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या महिन्यांतला गर्भपात किंवा एक्टोपिक यानंतर एक महिन्याने २९ टक्के जणींमध्ये आघातानंतरच्या तणावाची, म्हणजे पीटीएसडीची लक्षणं दिसली. नऊ महिन्यांनंतरही हे प्रमाण १८ टक्के होतं. म्हणजे महिन्याभराने झोप लागत नसेल, सोनोग्राफी रूमच्या आठवणीने धडधडत असेल, तर तुम्ही कमजोर नाही. त्यावर मदत मिळते. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

नवऱ्यालाही विचारा तो कसा आहे. फॉर्मवर सही करणं, रक्ताची सोय बघणं, सासरी-माहेरी फोन करणं, हे सगळं त्याने केलेलं असतं आणि तो कुठेच रडलेला नसतो.

आणि आपण, आजूबाजूचे? "पुढच्या वेळी होईल", "ट्रान्सफरनंतर आराम केला नव्हतास का?", "आता दत्तकच घ्या" ही तीन वाक्यं तोंडातून येऊ देऊ नका. "मी डबा पाठवते", "उद्या लॅबला मी सोबत येते", एवढं पुरतं.

पुढे काय?

एकदा एक्टोपिक झालं की पुन्हा होण्याची शक्यता साधारण दहा टक्के असते. याचा दुसरा अर्थ, दहापैकी नऊ वेळा ते पुन्हा होत नाही. पुढच्या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच डॉक्टरांना कळवा आणि सोनोग्राफी वेळेत करा. दोन्ही ट्यूब काढलेल्या असल्या तरीही, कारण गर्भाशयाच्या कोपऱ्यात ट्यूबचा छोटा भाग उरतो आणि तिथे क्वचित गर्भ राहू शकतो. पुढच्या ट्रान्सफरला एकच गर्भ सोडायचा का, फ्रीज केलेला ब्लास्टोसिस्ट वापरायचा का, यावर आधीच बोलून घ्या.

माझ्या मैत्रिणीचा बीटा शून्याजवळ यायला पाच आठवडे लागले. दर सोमवारी आम्ही दोघी लॅबमध्ये जायचो आणि बाहेर टपरीवर चहा प्यायचो. तिचे दोन गर्भ अजून फ्रीज आहेत. पुढचं कधी, ते तिने ठरवलेलं नाही आणि मी विचारत नाही.

आता तिचा एखादा आकडा आला की मी हार्ट पाठवत नाही. आधी विचारते, "दुखत नाहीये ना?"

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या केसचा निर्णय तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्या.)